सर्व्हिसिंगला इंजिन फ्लश करून घ्यावं का?

पंचवटीकर

नमस्कार मंडळी. एक सल्ला हवा आहे आणि उद्या दुपारच्या आत हवा आहे.

गाडी २०२१ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, रनिंग फक्त १९,४०० किमी. कंपनीचं आणि वर्कशॉपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आज सकाळी सर्व्हिसिंगला टाकली. साडेअकराला अ‍ॅडव्हायझरचा फोन आला, "सर, ऑइल फारच काळं झालंय. नवीन टाकायच्या आधी इंजिन फ्लश करून घेऊ या, नाहीतर जुना गाळ नव्या ऑइलमध्ये मिसळेल. सातशे ऐंशी रुपये वाढतील." मी "थांबा, उद्या सांगतो" म्हटलं. गाडी तिथेच उभी आहे.

वापर कसा आहे तेही सांगतो. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. घरापासून हॉस्पिटल साडेतीन किलोमीटर. बाकी मुलीचा क्लास, भाजी, बँक. लांब जाणं वर्षातून एखाद्या वेळेस. मागचं ऑइल चौदा महिन्यांपूर्वी बदललं होतं. किलोमीटर झाले नव्हते म्हणून मध्ये हात लावला नाही. पैशांचं सोडा. आई गाडीत असताना रस्त्यात काही व्हायला नको, एवढंच माझ्या डोक्यात आहे. इंजिनाला खरंच फ्लशची, म्हणजे औषध ओतून आतून धुण्याची, गरज असते का?

गॅरेज_कराड

पंचवटीकर, फ्लशला नाही म्हणा. पण "नाही" म्हणून फोन ठेवू नका, त्यांच्याकडून एक फोटो मागवा.

ऑइल भरायचं झाकण उघडायला सांगा. झाकणाच्या खालच्या बाजूचा एक फोटो आणि त्या भोकातून आत टॉर्च मारून एक फोटो. काही इंजिनांत झाकणाखाली पत्रा असतो, तिथे फार दिसत नाही. पण बऱ्याच गाड्यांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दिसते. धातू चकचकीत असेल किंवा त्यावर कोऱ्या चहासारखा पिवळट तपकिरी रंग चढला असेल, तर इंजिन निरोगी आहे, काहीही करू नका. काळे थर दिसले, बोट लावल्यावर डांबरासारखं चिकटलं, तर ते काम बाटलीतल्या औषधाचं नाहीच. मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, खोलायचा.

आणि काळ्या रंगाला घाबरू नका. सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. ऑइल बदलायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल-डिझेल गाडीचं ऑइल काळंच निघतं. डिझेल गाडीत सकाळी नवं ऑइल टाका, दोन-तीनशे किलोमीटरनंतर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) ओढा, परत काळंच. म्हणून ते खराब झालं असं नाही.

वंगणशाळा

कराडकरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे. ते तसं का, हे मी सांगतो. वंगण तेलाच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

इंजिन ऑइलच्या डब्यात साधारण ७५ ते ९० टक्के मूळ तेल असतं. उरलेली रसायनं, आणि डब्याची खरी किंमत त्यांचीच. त्यातली तीन या चर्चेसाठी महत्त्वाची.

पहिलं डिटर्जंट. हे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार असतात. पिस्टनच्या खोबणीसारख्या तापलेल्या जागी थर बसू देत नाहीत आणि इंधन जळून होणारं आम्ल मारतात. दुसरं डिस्पर्संट. काजळीचा कण तयार झाला की हे रसायन त्याला वेढून घेतं आणि तेलात तरंगत ठेवतं. कण एकमेकांना चिकटत नाहीत, तळाला बसत नाहीत. चेंबरचा तळाचा नट खोलला की तेलाबरोबर बाहेर पडतात. तेल काळं दिसतं ते यामुळे. घाण तेलात आहे, म्हणजे ती इंजिनाच्या भिंतींवर नाही. तिसरं झिंकचं संयुग. जिथे धातूवर धातू घासतो तिथे ते अगदी पातळ संरक्षक थर तयार करतं.

म्हणजे इंजिन धुण्याचं काम तुमचं ऑइल रोज करतच असतं. ते वेळेवर बदलत असाल तर वेगळं धुण्यासारखं काही उरत नाही.

आता फ्लशच्या बाटलीत काय असतं? बहुतेकांत रॉकेलच्या जातीचं हलकं पेट्रोलियम द्रावक आणि जास्त मात्रेत डिटर्जंट. बाटली साधारण ३०० मिलीच्या आसपास. जुन्या ऑइलमध्येच ओतायची, दहा ते पंधरा मिनिटं गाडी आयडलिंगवर ठेवायची, मग सगळं काढायचं. द्रावकामुळे ऑइल पातळ होतं. म्हणूनच बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की या वेळात गाडी चालवू नका, रेस करू नका. बेअरिंग आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) यांच्यामध्ये जो तेलाचा पडदा असतो, तो तेवढा वेळ अशक्त असतो.

गाळाचं म्हणाल तर करपलेल्या दुधाचं पातेलं आठवा. दहा मिनिटं पाण्यात भिजवलं तर करपलेलं विरघळत नाही, पोपडे सुटतात. पातेल्यात चालतं, पोपडे मोरीत जातात. इंजिनात ते चेंबरमध्ये पडतात, आणि चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडावर बारीक जाळी असते.

अ‍ॅडव्हायझर म्हणतात तो "जुना गाळ मिसळेल" हा मुद्दा थोडासा खरा आहे. नट काढला तरी हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात), तेलाच्या वाटांमध्ये थोडं जुनं ऑइल राहतंच. समजा पाव लिटर राहिलं. नव्या तीन लिटरमध्ये ते मिसळलं तर इंजिनाला काही होत नाही. शिवाय फ्लश केलं तरी पाव लिटर राहणारच, फक्त त्यात थोडं द्रावकही असेल. हिशोब केला तर पंचवीस मिलीच्या आसपास, म्हणजे तीन लिटरमध्ये एक टक्क्याहूनही कमी. एवढ्यानेही इंजिन बिघडत नाही. माझी भीती ती नाही. माझी भीती सुटलेल्या पोपड्यांची आहे.

घाटवाट

ती जाळी मी हातात घेऊन पाहिली आहे. म्हणून लिहितोच.

२०१९ साली मी एक छोटी डिझेल गाडी सेकंडहँड घेतली. ओडोमीटरवर ९२,०००. सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट होती. गाडी छान पळत होती, धूर नाही, आवाज नाही. घेतल्यावर सगळं नवं करायचं म्हणून घराजवळच्या गॅरेजात दिली. (नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता.) तो म्हणाला, आधीचा इतिहास माहीत नाही, फ्लश मारून घेऊ. मीच आनंदाने हो म्हटलं.

त्यानंतर साधारण चारशे किलोमीटर झाले असतील. पुण्याहून साताऱ्याला जात होतो. खंबाटकी चढताना ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मला वाटलं वायरिंग असेल. वर आल्यावर परत लागला, या वेळी विझला नाही. गाडी कडेला घेऊन बंद केली. डिपस्टिक पाहिली, ऑइल बरोबर खुणेवर! त्यामुळे मी आणखीच गोंधळलो. चालू करून पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत तरी जावं असं मनात आलं होतं. बायको म्हणाली, "लाल दिवा आहे ना, मग नको." तिच्यामुळे इंजिन वाचलं. टो करून साताऱ्याला आणली.

तिथल्या मेकॅनिकने चेंबर उतरवला आणि मला खाली बोलावलं. चेंबरच्या तळाशी कढईच्या बुडाची खरवड काढून टाकावी तसे काळे तुकडे होते. काही तांदळाएवढे, काही नखाएवढे. पंपाची जाळी अर्ध्याहून जास्त बुजली होती. त्याने ती पेट्रोलमध्ये धुऊन उजेडात धरली तेव्हा कुठे आरपार दिसलं. ऑइल होतं, पण पंपाला ते ओढताच येत नव्हतं. दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, प्रेशरचा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

इंजिन वाचलं, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) नाही वाचला. दोन महिन्यांनी शिट्टी वाजायला लागली आणि निळा धूर. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे फिरतो आणि तेलाच्या पडद्यावर तरंगतो. तेवढी पाच मिनिटं त्याला बास झाली.

चूक आधीच्या मालकाची होती, त्याने वर्षानुवर्षं ऑइल लांबवलं असणार. पण भिंतीवर गप्प बसलेला गाळ सैल केला तो मी.

हडपसर_ऑटोवर्क्स

घाटवाट भाऊ, वाचून वाईट वाटलं. तरी मी दुसरी बाजू मांडतो, कारण मी फ्लश वापरतो. वर्षातून पाच-सहा गाड्यांना वापरत असेन.

कधी वापरतो ते सांगतो. गाडी ऑइल खायला लागली, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक आहे, टर्बोतून ऑइल गळत नाही, म्हणजे पिस्टनची ऑइल रिंग कार्बनने चिकटली असण्याची शंका आहे, आणि गिऱ्हाइकाला इंजिन खोलायचा खर्च झेपणार नाही. अशा वेळी चांगल्या दर्जाचं फ्लश करून बघतो. काही गाड्यांत ऑइल खाणं कमी झालं आहे, काहींत काडीचाही फरक पडला नाही. दुसरं म्हणजे व्हॉल्व्हचे हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे) सकाळी टकटक करतात आणि कारण वार्निश, म्हणजे ऑइलचा सुकलेला चिकट थर, आहे, तेव्हा.

पण आधी चेंबर उतरवून जाळी बघतो, मगच. आणि नंतरचं ऑइल दहा हजार चालवू देत नाही, हजार-दीड हजारावर फिल्टरसकट परत बदलतो. गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगतो की दोन ऑइलचे पैसे लागतील. हे परवडत नसेल तर फ्लशही करू नका. वर्कशॉपमध्ये पाऊण तासाच्या सर्व्हिसिंगमध्ये जे फ्लश मारतात त्यात यातलं काहीच होत नाही, त्याला माझाही विरोध आहे.

पंचवटीकरांच्या १९,००० चाललेल्या गाडीला फ्लश म्हणजे निरोगी माणसाला जुलाबाचं औषध.

वंगणशाळा

हडपसरकर, तुम्ही सांगितलेली पद्धत मला मान्य आहे. फिल्टरबद्दल एक भर घालतो. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच बेअरिंगकडे जातं. इंजिन उपाशी मरण्यापेक्षा घाण तेल बरं, म्हणून ती सोय केलेली असते. पण गाळ सुटलेल्या इंजिनात हा व्हॉल्व्ह उघडणं म्हणजे बेअरिंगला पॉलिश पेपर लावणं. म्हणून तुमचा दुसरा फिल्टर फार महत्त्वाचा.

मिशिगनचा_मराठी

इकडच्या अनुभवाचं थोडं. जनरल मोटर्सच्या इथल्या शेवरले गाड्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलेलं असतं की इंजिन ऑइल सिस्टिम फ्लश करण्याची आम्ही शिफारस करत नाही, त्याने इंजिनाचं नुकसान होऊ शकतं आणि ते वॉरंटीत बसणार नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्येही ऑइलमध्ये वेगळं काही घालायची गरज नाही असं म्हटलेलं असतं. तरी इथल्या क्विक-ल्यूबच्या (झटपट ऑइल बदलून देणाऱ्या) दुकानांत फ्लश विकलं जातंच.

गाळाचा प्रश्न खोटा नाही, हेही सांगायला हवं. १९९७ ते २००२ च्या काही टोयोटा आणि लेक्सस मॉडेलांत गाळाच्या इतक्या तक्रारी आल्या की कंपनीला २००२ मध्ये ग्राहकांसाठी खास दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. तिथेही उपाय म्हणून बाटली नव्हती दिली, इंजिनं दुरुस्त केली किंवा बदलली.

पंचवटीकर, तुमच्या गाडीची पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल. त्यात ऑइलचं पान काढून वाचा. फ्लश शेड्यूलमध्ये लिहिलेलं असेल तर करा, नसेल तर विषय संपला.

जुनी_पद्मिनी

आमचे वडील १९८० च्या दशकात पद्मिनी चालवायचे. प्रत्येक ऑइल बदलाला मेकॅनिक डिझेल घालून पाच मिनिटं इंजिन फिरवायचा, मग काढायचा. काळंकुट्ट पाणी निघायचं. गाडी वीस वर्षं चालली. मग ते चूक होतं का?

गॅरेज_कराड

चूक नाही म्हणणार, तो काळ वेगळा होता. माझ्या वस्तादाने मलाही हेच शिकवलं. तेव्हाचं ऑइल एका ग्रेडचं, आजच्या मानाने त्यात औषधं कमी. त्यामुळे गाळ लवकर बसायचा. इंजिन दर काही वर्षांनी खोललं जायचं, रिंगा बदलायच्या, हेड उतरवायचं, त्यामुळे आत काय आहे ते कळायचं. बेअरिंगच्या फटीही आजच्यापेक्षा सैल.

आजच्या छोट्या पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-२० सारखं पाण्यागत ऑइल चालतं, व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) तेलाच्या वाटा सुईसारख्या, टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर. तिथे डिझेल किंवा रॉकेल घालणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून काढा. वस्तादाबद्दल मनात आदर ठेवूनच सांगतो.

काउंटरच्या_पलीकडून

मी सहा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होते, दोन वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये. आता ते काम करत नाही.

आमच्याकडे महिन्याचं टार्गेट असायचं. सर्व्हिसिंगच्या बिलावर जास्तीची कामं किती लावली ते रोज संध्याकाळी बोर्डावर लिहिलं जायचं. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिन रूम कोटिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. फ्लश विकायला सोपं, कारण ग्राहकाला काळं ऑइल दाखवता येतं. बोटावर घेऊन दाखवलं की माणूस नाही म्हणत नाही. मी स्वतः दाखवलं आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं. समोरचा मुलगा किंवा मुलगी खोटारडी असते असं नाही. त्यांना तसंच प्रशिक्षण मिळालेलं असतं, बरेच जण मनापासून मानतात की हे चांगलं आहे.

करायचं एवढंच. गाडी देताना जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहा, "एस्टिमेटबाहेरचं काम फोनवर मंजुरीशिवाय करू नये." सही तुमच्या प्रतीवरही घ्या. न विचारता केलेल्या कामाचे पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही. वाद झालाच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. बहुतेक वेळा नंबरचं नाव काढल्यावर बिलातली ओळ निघून जाते.

आणि फोनवर घाईने "हो" म्हणू नका. पंचवटीकरांनी "उद्या सांगतो" म्हटलं ते फार बरोबर केलं.

अर्टिगा_सीएनजी

माझी अर्टिगा भाड्याने चालते, नाशिक-मुंबई आणि शिर्डी. दोन लाख दहा हजार झाले. फ्लश एकदाही नाही. सीएनजीवर ऑइल काळं होतच नाही, सात-आठ हजाराला काढलं तरी सोनेरी दिसतं. मग मी उगाच बदलतोय का? की हे वेगळंच आहे?

वंगणशाळा

दादा, बदलता ते अगदी बरोबर करता, थांबवू नका. सीएनजीमध्ये काजळी जवळजवळ नाही, म्हणून रंग जात नाही. पण सीएनजीवर ज्वलनकक्ष जास्त तापतो, उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडने तेल आतून बिघडतं, घट्ट होतं. ते डोळ्यांना दिसत नाही. वर काळ्या रंगाला घाबरू नका असं म्हटलं, तसंच सोनेरी रंगाला भुलूही नका.

ठाणे_बीएस६

माझी डिझेल एसयूव्ही २०२२ ची. घोडबंदर रोड ते ऐरोली, रोज ट्रॅफिक. डिपस्टिकवर ऑइल वाढतंय! टॉपअप कधीच केलं नाही, तरी वरच्या खुणेच्या वर आलंय. वर्कशॉपने फ्लश करून नवीन ऑइल टाका म्हणून सांगितलं. फ्लशने हे थांबेल का?

हडपसर_ऑटोवर्क्स

नाही थांबणार, आणि हा प्रश्न फ्लशपेक्षा गंभीर आहे, आजच लक्ष द्या. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत बहुतेक ठिकाणी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल फवारते. ट्रॅफिकमध्ये हे जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकवर तेच दिसतंय. तुमच्या ऑइलमध्ये आत्ताच डिझेल आहे, त्यात आणखी द्रावक कशाला घालायचं?

ऑइल आणि फिल्टर लगेच बदला. पुस्तिकेत लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच घ्या, दुसरं घातलं तर डीपीएफ तुंबेल. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी एक्स्प्रेसवेवर अर्धा तास एका लयीत चालवा म्हणजे डीपीएफ पूर्ण साफ होईल. डीपीएफचा दिवा लागला असताना गाडी बंद करू नका.

पट्टा_ऑइलमधला

एक धोक्याची सूचना. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये भिजलेला असतो. फोर्डचं १.० इकोबूस्ट त्यातलंच, इकोस्पोर्टमध्ये आपल्याकडे होतं. त्या रबराला इंधन किंवा द्रावक मिसळलेलं ऑइल सोसत नाही. रबराचा भुगा होऊन त्याच जाळीत जाऊन बसतो. ज्यांच्याकडे असं इंजिन आहे त्यांनी फ्लशच्या वाटेला अजिबात जाऊ नये.

पंचवटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो आला. आत कॅमशाफ्ट दिसते, रंग तपकिरी पिवळा, थर नाही. पण झाकणाच्या खालच्या बाजूला फिकट पिवळसर पांढरं, लोण्यासारखं काहीतरी आहे. अ‍ॅडव्हायझर म्हणतो हाच गाळ. हे काय आहे? हेड गॅस्केट गेलं का?

वंगणशाळा

घाबरू नका. आधी कूलंटच्या बाटलीची पातळी बघा. ती खाली गेलेली नसेल, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ नसेल, तर हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील) बहुधा ठीक आहे.

ते लोणी म्हणजे पाणी आणि ऑइल घुसळलेलं. हे पाणी येतं पेट्रोलमधूनच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, पण थोडी वाफ रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये उतरते. इंजिन नीट तापलं की ती पुन्हा उडून जाते. तुमची गाडी साडेतीन किलोमीटर चालते, मग चार-पाच तास हॉस्पिटलबाहेर उभी, परत साडेतीन. तापमानाचा काटा मध्यावर येतो, पण तो काटा कूलंटचा असतो. ऑइलला तापायला त्याहून खूप वेळ लागतो. तुमचं ऑइल आठवडेच्या आठवडे पूर्ण तापतच नसणार. नाशिकच्या थंडीत तर नाहीच.

म्हणजे तुमच्या अ‍ॅडव्हायझरला दिसलं ते खरं होतं, औषध मात्र चुकलं. आज फ्लश केलं असतं तर दोन महिन्यांनी झाकणावर हेच लोणी पुन्हा आलं असतं. तुमची चूक झाली ती चौदा महिन्यांत. पुस्तिकेत "किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते" असं असतं. त्याच्याच जवळ खडतर वापराचा तक्ता असतो, छोट्या फेऱ्या त्यात येतात. तो तुमचा तक्ता. सहा महिन्यांनी ऑइल बदला, किलोमीटर तीन हजार झाले असले तरी.

काउंटरच्या_पलीकडून

सातशे ऐंशी दोनदा वाचवले की त्यात जवळपास एका जास्तीच्या ऑइल बदलाचा खर्च निघतो. त्या पैशांचा याहून चांगला उपयोग नाही.

घाटवाट

झाकण पुसून घ्यायला सांगा. म्हणजे पुढच्या महिन्यात परत आलं का ते कळेल.

पंचवटीकर

काल संध्याकाळी गाडी घरी आली. फ्लश नाही केलं. वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन उभा राहिलो. आधी त्यांना इंजिन वीस मिनिटं तापवायला लावलं, मग नट काढला. फिल्टर नवा, ग्रेड पुस्तिकेतला, डबा माझ्यासमोर फोडला. कूलंट बरोबर खुणेवर आहे. झाकण कापडाने स्वच्छ पुसलं. अ‍ॅडव्हायझरला घाटवाट यांच्या जाळीची गोष्ट सांगितली, त्याने शांतपणे ऐकून घेतली. पुस्तिकेत खडतर वापराचा तक्ता खरंच आहे, इतकी वर्षं मी ते पान उघडलंच नव्हतं.

काचेवरच्या स्टिकरवर किलोमीटर खोडून पुढची तारीख लिहून घेतली, सहा महिन्यांनंतरची. आणि दर रविवारी सकाळी त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यायचं ठरवलं आहे, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, ऑइल नीट तापेल. रविवारी डायलिसिस नसतं, आईही येते म्हणाली.

गॅरेज_कराड

छान झालं. ड्रेन नटाचा वॉशर नवा टाकला का? बरेच जण जुनाच लावतात. दोन दिवस रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा.

पंचवटीकर

नवा टाकला, मी विचारून घेतलं होतं. रात्रीच पुठ्ठा टाकला होता. आता खाली जाऊन बघून आलो, कोरडा आहे.